एका एसचं वाळवंट

पेंटरमामांचा हात असा, की शिडीच्या टोकावर उभं राहूनही रेघ केसभर हलायची नाही. इंग्रजीचा मात्र गंध नव्हता. गिऱ्हाईक चिठ्ठी देई, मामा त्यातली अक्षरं चित्रासारखी उतरवत.

बेकरीची पाटी त्यांनी दिवसभर खपून रंगवली. कॉलेजातून परतताना लेक तिथं थबकली आणि पोट धरून हसली.

"बाबा, गोडाच्या डिझर्टमध्ये दोन एस असतात. तुम्ही एकच काढलात. बेकरीवाल्यानं वाळवंट विकायला मांडलंय!"

मामा ओशाळले. दुसऱ्या दिवशी अंग चोरून बसणारा एक बारीक एस घुसवताना त्यांचा ब्रश रेंगाळला. डोळ्यांपुढे पिठीसाखरेच्या टेकड्या पसरल्या, वाऱ्यानं हळूहळू सरकणाऱ्या. एका अक्षरापलीकडे एवढा मुलूख असतो, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

मग नादच लागला. रोज जेवताना लेकीनं एक जोडी वाढायची. ई-वाली स्टेशनरी म्हणजे वह्या-पेन्सिली, ए-वाली म्हणजे जागचं न हलणारं. मामा घास हातात धरून कुठच्या कुठं जात.

"झालं!" बायको म्हणे. "यांचा हात ए-वाला स्टेशनरी झाला. अहो, जेवा आता!"

पुढं एका शाळेत मुख्याध्यापिकाबाईंच्या दारावर 'प्रिन्सिपल' रंगवायचं काम निघालं. कारकुनाच्या चिठ्ठीत शेवटी 'एल ई' होतं. मामांनी ब्रश खाली ठेवला.

"साहेब, हे तत्त्व झालं. माणूस असेल तर शेवटी 'ए एल'."

"तुम्ही मला शिकवणार? दिलंय तसं रंगवा."

"नाही जमायचं," मामा म्हणाले.

आवाज ऐकून बाई बाहेर आल्या. चिठ्ठी वाचून हसल्या. "यांचंच बरोबर आहे. अशा किती जोड्या येतात तुम्हाला?"

"चाळीसेक."

"मग व्हरांड्याची भिंत तुमची."

महिनाभर मामा त्या भिंतीत हरवून गेले. एकदा मधल्या सुट्टीत एक चिमुरडी 'लूज'पाशी अडली. मामा शिडी उतरले.

"दोन ओ असले की सैल. त्यातला एक गळाला, की हरवणं."

तिनं क्षणभर विचार केला आणि हळूच आपल्या बाहीचं लोंबतं बटण मुठीत धरलं.