भामाबाईचं आठ आणे दुखणं

कन्हेरीची भामाबाई उंचीनं कमी, पण इंदापूरकडच्या द्राक्षबागांत तिच्यासारखी विरळणी करणारी बाई न्हाय. कात्रीनं नको ते मणी कापून घड मोकळा करायचा, ही विरळणी. मांडव उंच, बाई बुटकी. मग दिवसभर चवड्यावर उभी. वर्षानुवर्षं असंच चाललं, आन औंदा टाचंच्या वरची जाड शीर सुजून बसली. सकाळी पहिलं पाऊल टाकताना दातावर दात.

बारामतीत प्रियदर्शनी म्हणून व्यायामानं दुखणी बरी करणारी डॉक्टरीण हाय. तिनं भामाबाईच्या घोट्याला पट्टा बांधला. त्यात बटणाएवढं यंत्र. बाई किती चालली, किती बसली, टाच किती उचलली, सगळं मोबाइलवर उमटायचं. दुखणं मातर यंत्राला कळत न्हाय. ते रोज संध्याकाळी शून्य ते दहात सांगायचं आन सून वृषालीनं मोबाइलवर दाबायचं.

"आत्या, आज किती?"

"आठ आणे."

वृषालीनं आठ दाबलं. रोज तसंच. शेवटी डॉक्टरणीचा फोन आला, दुखणं फार हाय, बागंत जायचं न्हाय.

सोमवारी तर विरळणीची टोळी निघणार होती. भामाबाईनं जमवलेली, एकेक बाई हाताखाली शिकवलेली, मुकादमबी तीच. ती गेली न्हाय तर आपण मुकादम, असं टोळीतल्याच साखरबाईनं पाण्याच्या टाकीपाशी सांगूनबी टाकलं होतं. गेलेली मुकादमी परत कोण देतंय?

शनिवारी भामाबाई सुनेला घेऊन लंगडत एसटीत बसली.

"मावशी, दहापैकी आठ दुखतंय आणि कामावर जाते म्हणता?" प्रियदर्शनी म्हणाली.

"दहा कुठनं आलं? मी रुपयातलं सांगती. आठ आणे म्हंजी निम्मं."

डॉक्टरणीनं वृषालीकडं बघितलं. वृषालीनं फरशीकडं.

"मला वाटलं, आणे आपलं बोलायची सवय."

"बरं, सोळा आणे म्हणलं न्हाय," भामाबाई म्हणाली. "तुझा मोबाइलच फुटला असता."

प्रियदर्शनी हसली, पण मोबाइल पुढं सरकवून म्हणाली, "दुखणं निम्मं, मान्य. पण बुधवारी दुपारभर टाच वर आहे. घरात कुठला मांडव घातलाय?"

भामाबाईनं पट्ट्याचा पाय लुगड्याखाली ओढला. हाताची सवय मोडू नये म्हणून शेजारच्या बागंत ती गुपचूप कात्री चालवून आली होती. सुनेलाबी पत्ता न्हवता.

"चुगलखोर हाय की हे."

"असंच उभं राहिलात तर शीर तुटेल. मग हा हंगाम नाही, सगळेच हंगाम जातील. टाच टेकून हात घडाला पोचत असेल तर खुशाल जा."

टाच टेकून हात पोचायचा तर पायाखाली पालथं क्रेट पाहिजे. आन क्रेटवर उभी राहील ती शिकाऊ, ही रीत टोळीत भामाबाईनंच घातलेली.

सोमवारी ती क्रेट घेऊनच टेम्पोत चढली.

"नवी शिकाऊ का गं ही?" साखरबाई म्हणाली.

"व्हय. सरक तिकडं, क्रेटला जागा दे."

बागंत दर झाडाला उतरायचं, क्रेट ओढायचं, परत चढायचं. दुपारपतुर सगळ्या बाया पुढं, मुकादम मागं. पुढनं हसल्याचं ऐकू येत होतं. भामाबाईनं मान वर केली न्हाय. आपल्या वळीतलं, म्हंजी वेलांच्या रांगेतलं, एकेक झाड झालं की ती बाजूच्या वळीतला घड हातात घेऊन फिरवून बघायची.

"साखरबाई," तिनं मागनंच हाळी दिली, "तुझ्या वळीत मणी दाटल्यात. पहिल्या झाडापासनं परत कात्री लाव."

साखरबाई थांबली. काहीतरी पुटपुटली आन मागं फिरली.