मैना गप उभी राहिली तेव्हा

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या घोडीचा, मैनेचा ओठ वर उचलला. "मामा, हिरडी बघा."

दातांच्या कडेनं जांभळी रेघ उठली होती. बाई म्हणाल्या, "एंडोटॉक्सिमिया."

"बाई, आमच्या भाषेत सांगा की."

आतड्यात मेलेल्या जंतूंचं विष असतं. आतडं धड असलं तर ते आतच राहतं. आतडं दुखावलं की ते रक्तात उतरतं. मैनेचं तसंच झालं होतं.

तासभर आधी गल्ली खूश होती. सकाळपासून घोडी लोळत होती, पोटाला लाथा मारत होती. कोलिक, म्हणजे पोटशूळ. मग एकाएकी गप उभी राहिली. शेजारचा दत्तू म्हणाला, "आबा, उतरलं बघा दुखणं. शहाणी झाली घोडी."

मला ते गप राहणं सोसलं नाही. माझी बायको शालन दवाखान्यात अशीच गप झाली होती. तिचंही दुखणं पोटाचंच होतं. सगळे म्हणाले, झोप लागलीय, घरी जाऊन जेवून या. मी गेलो. परत आलो तर ती गेली होती. म्हणून मी बाईंना फोन लावला.

मैना वरातीची घोडी, पण जीव शालनवर. आदल्या दिवशी शालनचं वर्षश्राद्ध होतं. जेवून उठला तो प्रत्येक जण मैनेला एक पुरणपोळी देऊन गेला, शालनकाकूच्या नावानं. दुसऱ्यानं दिलेली कुणाला दिसली नाही. माया करून करून घोडी मरायला टेकवली.

घोड्याला ओकता येत नाही. बाईंनी नाकातून नळी घालून पोटातलं आंबट पाणी काढलं. मानेच्या शिरेत सलाईन लावलं. फ्लुनिक्सिनचं इंजेक्शन दिलं. त्यानं कळ कमी होते, विषाची आगही. पण ते आपल्या मनानं टोचू नका. कळ झाकली जाते आणि आतलं कळत नाही.

मग चारी पायांना बर्फ. विष खुरात उतरलं तर लॅमिनायटिस होतो, म्हणजे खुराच्या आत सूज येते आणि घोडं उभं राहू शकत नाही. दत्तूनं मंगळवार पेठेतून मासळीवाल्याचा बर्फ आणला. "आबा, वास मारतोय. घोडी म्हणंल, मला बांगडा समजला व्हय?" मी त्याला शिवी दिली. रडू आलं असतं, त्यापेक्षा बरी.

मैना सारखी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघायची. मीपण बघायचो. दारात कुणी नव्हतं. तरी आम्ही दोघं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी ती परत मान खाली घालून गप. बाईंनी तपासलं. "सुधारतेय, मामा. जा, जेवून या."

मी तिथंच पोत्यावर बसलो. "बाई, राग मानू नका. हे मी एकदा ऐकलंय. मी हलणार न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. गाडीतून डबा आणला, माझ्याशेजारी पोत्यावर बसल्या आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "मग इथंच जेवू."

आम्ही खात असताना मैनेनं शेपूट उचललं आणि लीद टाकली. आतडं चालू झालं होतं. दत्तूनं गल्लीभर बोंब ठोकली. बाई हसून म्हणाल्या, "झालं समाधान?"

मैना जगली. पुढचा उजवा पाय जरा जपून टाकते, म्हणून वराती बंद केल्या. त्या बाईंचे उपकार फिटायचे नाहीत.

तुमचं माणूस असो की जनावर, दुखण्यात एकाएकी गप झालं तर डॉक्टरला परत बोलवा. आणि त्याच्याजवळून उठू नका. मी बसून राहिलो असतो तर शालन वाचली असती, असं मी म्हणत नाही. पण ती गेली तेव्हा मी तिथं असतो.