गाळाचे कपडे

२३ ऑगस्ट, रविवार. नवऱ्याची गाळाने भरलेली हाफपँट धुवायला घेतली. तापीच्या पुराचा गाळ नुसत्या साबणाने जात नाही. आधी वाळू द्यायचा, मग झटकायचा, मग दोन पाण्यांतून काढायचा आणि त्यानंतर साबण. मशीनमध्ये टाकायची सोय नाही. जाळीत माती अडकली की मशीनवाल्याला बोलवावं लागतं. बादलीतून हाफपँट काढली, टॉवेल काढला, आणि तळाशी मुलीची काळी ट्रॅकपँट निघाली. कमरेपर्यंत गाळ.

ती तशीच हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. मुलगी ओट्याशी उभी राहून पोहे खात होती. वीस वर्षांची आहे, इंदूरला शिकते, राखीसाठी घरी आली होती.

“हे काय?”

“मम्मी, पहिले ओरडू नको.”

“मी ओरडले का?”

“तोंड तसंच करून राहिली ना तू.”

“पाण्यात गेली होतीस?”

“थोडंसं. किनाऱ्यालाच. पप्पा होते ना साथमध्ये.” मग घास गिळून तिने उरलेलंही सांगून टाकलं. “उद्या मी पण जाणार आहे तराफ्यावर. पप्पा हो बोलले.”

या तराफ्याबद्दल सांगायला हवं. घड कापून झाला की केळीचं खोड कुणाच्या कामाचं नसतं, बांधावर पडून असतं. ते पाण्यावर मस्त तरंगतं. सात-आठ खोडं शेजारी शेजारी ठेवायची, आडवे बांबू आरपार ठोकायचे, वरून दोर आवळायचा, की झाला तराफा. आमच्या भागातली पोरं त्याला धरून पोहायला शिकतात. माझा नवरा आणि त्याचे मित्रही तसेच शिकले. फरक एवढाच, की ते अजून थांबले नाहीत. दरवर्षी नदी दोन्ही काठ भरून लाल वाहायला लागली, की हे पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ शहराच्या वरच्या अंगाला तराफा पाण्यात सोडतात आणि खाली एका गावाच्या वळणावर उतरतात. एकाला शुगर आहे, एकाचे गुडघे गेलेत. हातात एक लांब बांबू, बस्स. तराफ्याला ना ब्रेक, ना हँडल.

आता ते चौघं आहेत. पूर्वी पाच होते.

पाचव्याचं शनवाऱ्याच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. चार वर्षांपूर्वी उतरायच्या वळणावर तराफा काठाला लागेना, म्हणून त्याने काठ यायच्या आधीच उडी मारली. दुसऱ्या दिवशी सापडला. पुढच्या वर्षी हे चौघं पुन्हा गेले. निघण्याआधी नदीत नारळ सोडला आणि गेले. “त्याने तराफा सोडला,” नवरा म्हणतो. “तराफा सोडायचा नसतो.” दरवेळी हेच वाक्य, हाच सूर. जणू चूक त्याची होती, नदीची नाही, आणि ती चूक आपल्या हातून कधी व्हायचीच नाही.

मागच्या वर्षी नवऱ्याचा खांदा दगडावर आपटून निखळला. दोन महिने शर्टाची बटणं मी लावली, केस मी विंचरले, रात्री कूस बदलताना ओरडला की उठून उशी मी सरकवली. हा ऑफिसात जो येईल त्याला तराफ्याची गोष्ट रंगवून सांगायचा. बटणांची गोष्ट कुणाला सांगितल्याचं माझ्या कानावर नाही.

दुपारी जेवताना मी विषय काढला.

“तुम्ही हो म्हणालात?”

“अगं, पोहते ती. माझ्यापेक्षा चांगली पोहते.”

“तुमचा दोस्तही पोहायचा.”

“त्याने तराफा सो—”

“सोडला. माहीत आहे.”

मुलगी मध्ये पडली. “मम्मी, एक बात सांग. तू रोज स्कूटीवर शाळेत जातेस. हायवेनं. दोन्ही बाजूंनी केळीचे ट्रक. त्या रोडवर किती लोक मरतात माहीत आहे? पप्पा वर्षातून एक दिवस नदीत जातात. रिस्क कुणाची जास्त?”

“मी पोट भरायला जाते. मजा म्हणून नाही.”

“ट्रकला काय माहीत तू कशासाठी चालली?”

नवरा ताटात बघून हसला. मला भात वाढायचा होता. मी पातेलं त्याच्यापुढे आपटलं आणि म्हटलं, घ्या हातानं.

चीड याचीच आली, की मला उत्तर सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत सुचलं नाही. कामाला जाताना माणूस धोका पत्करतो तो नाइलाजाने, आणि मजेसाठी पत्करतो तो आपणहून, एवढं मला कळतं. पण हाडं मोडायची तर दोन्हीकडे सारखीच मोडतात. आणि आणखी एक गोष्ट मला दिसते, जी मी यांच्यासमोर कबूल करणार नाही. नदीवरून आला की नवरा पुढचे दोन-तीन आठवडे माणसांत असतो. गाणं गुणगुणतो, न सांगता दळण आणतो. वर्षाचे उरलेले महिने फाईल, मोबाईल आणि टीव्ही. तराफ्यात काहीच नसतं तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी ब्लाउजचं अस्तर घ्यायचं निमित्त काढून मी शनवाऱ्यात गेले. ते दुकान आता पाचव्याची बायको चालवते. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणते. तिने अस्तर मापलं, फाडलं, घडी घातली आणि विचारलं, “नदी भरली. तुझा जाऊन राहिला का उद्या?”

“तो तर जातोच. पोरगीही चालली. तिला थांबवू का, ताई?”

“थांबतं का कोणी? मी यांच्या चपला लपवल्या होत्या त्या दिवशी. अनवाणी गेले.” तिने कात्री गल्ल्याजवळ ठेवली. “लोक मला काय म्हणतात सांगू? आवडीचं काम करता करता गेले, नशीबवान. अगं, त्यांना दुकानपण आवडायचं. इथं बसले असते तरी आवडीचंच करत असते ना?”

मी पैसे काढून गल्ल्यावर ठेवले.

“नाही थांबली तर तू घरी नको बसू,” ती म्हणाली. “मी घरी बसले होते. भाजी निवडत.”

घरी आले तेव्हा मुलगी कपाटावरून नारिंगी लाइफ जॅकेट खाली ओढत होती. धरणावर बोटिंग चालवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून ते मीच मागच्या वर्षी आणलं होतं, खांदा निखळल्यावर. नवऱ्याने एकदाही अंगाला लावलं नाही. मांजर त्यावर झोपते.

“घालणार आहेस?”

“तुला दाखवायला काढलं. पप्पांचे दोस्त हसतील गं. ते बोलतात, जॅकेट घालायचं तर घरी टबात बसायचं.”

“हसू देत. तू हे घालशील, नाहीतर तुझ्या शेजारी तराफ्यावर मी बसेन. साडी नेसून.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मी थट्टा करत नव्हते. तिने जॅकेटवरचे मांजराचे केस झटकायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा कळवली आणि उजाडताच, त्यांच्या आधी नदीवर गेले. तराफा काठाच्या उथळ पाण्यात दोराने बांधलेला होता. बुधवारी बांधला होता. पाणी फार चढलं म्हणून जाणं रविवारवर ढकललं, मग सोमवारवर. या शहरातल्या चौघांनी केलं काय, तर खोडं ताजी राहावीत म्हणून तराफा पाण्यातच ठेवून दिला, वर ओली पोती टाकून. जशी भाजी ओल्या फडक्यात ठेवतात तशी.

माझं माहेर तुकईथड गावचं. आमच्या घरच्या केळी होत्या. कापलेलं खोड चार-पाच दिवस पाण्यात राहिलं की ते पाणी पितं, जड होतं, आतून मऊ पडतं आणि त्याची सोपटं, म्हणजे सालींचे पदर, एकावर एक सरकायला लागतात. मी अंगठ्याने दाबलं, अंगठा आत गेला. आडवा बांबू धरून हलवला, तो सैल दातासारखा हलला. मधल्या वळणावर हा तराफा सुटला असता, आणि मग कुणी कुणाला सोडलं ते काठावर बसून ठरवत बसले असते.

दोर सोडायला सुरुवात केली तेवढ्यात चौघं आले, मागे मुलगी.

“वहिनी, हे काय करून राहिल्या?” गुडघेवाला ओरडला.

“हे खोड हातात घ्या.”

त्याने घेतलं. सोपट त्याच्या हातात आलं, खोड पाण्यात पडलं. नवरा खाली बसून दुसऱ्या खोडाला दाबत राहिला, नंतर तिसऱ्याला. त्याचा चेहरा उतरला होता, पण मला त्याचं काही वाटलं नाही. राग होताच, पण पहिल्यांदाच तो सगळा कामाला लावता आला.

“जवळच्या बागेत परवा घड कापलेत,” मी म्हटलं. “मालकाला विचारून नवीन खोडं आणा. जाड बुंध्याची. बांबू दोनाचे तीन घाला. आणि वळणावर काठाला कुणीतरी दोर घेऊन उभं राहील.”

“कोण?” नवऱ्याने विचारलं.

“मी. अजून कोण?”

म्हणजे मी थांबवलं नाही. उलट तराफा पक्का करून दिला. याचाही मला राग आला, पण खोडं वाहायला माणसं कमी होती, म्हणून तो बाजूला ठेवला.

नवा तराफा बांधून ते पाण्यात सुटले तशी मी स्कूटी काढली आणि वळणाचं गाव गाठलं. दोर झाडाला बांधला, उरलेला हातात धरला. बरीच वाट पाहिल्यावर लाल पाण्यावर आधी नारिंगी ठिपका दिसला, मग त्याच्याभोवतीची चार डोकी. तराफा जवळ आला तसा मी दोर फेकला. पहिल्या वेळी चुकला. दुसऱ्या वेळी मुलीने झेलला आणि पाचही जणांनी तो ओढत काठ गाठला. कुणीच आधी उडी मारली नाही.

मुलगी थरथरत होती आणि हसत होती. माझ्या स्कूटीकडे बघून म्हणाली, “मम्मी, हेल्मेट?”

हेल्मेट घरी राहिलं होतं. ट्रकांच्या मधून मी तशीच आले होते.

“गप बस मागे,” मी म्हटलं, आणि हळू चालवत तिला घरी आणलं.

नवरा मागून आला. मी मोरीत दोन बादल्या मांडल्या, दोन्हींत पाणी भरलं, काठावर एकेक साबण ठेवला. गाळ आधी वाळू द्यायचा, हे दोघांना सांगितलं. मग साडी बदलली, हेल्मेट घातलं आणि उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी शाळेत गेले.