रुपयाखाली झाकलं जाणारं ऑपरेशन

नव्या यंत्राच्या प्रेमात इतक्या वेळा पडलेला माणूस भोर तालुक्यात दुसरा झाला नसेल. मी ज्यांच्या दवाखान्यात थेटरची सिस्टर होते, त्या आमच्या डॉक्टरांबद्दल बोलतेय. पुण्याहून टाय लावलेला विक्रेता आला की बाहेरची रांग तशीच सोडून ते केबिनचं दार लावून घेत. "सर, साताऱ्यात सगळ्यांनी घेतलं," एवढं तो म्हणाला की झालं. पुढचं वाक्य त्याला कधी बोलावंच लागलं नाही. मुंबईच्या परिषदेहून डॉक्टर एक बॅग, चार पेनं आणि गेल्या वर्षीच्या यंत्राबद्दल तुच्छता घेऊन परत येत. ज्या यंत्रापुढे वर्षापूर्वी नारळ फोडला होता, त्याच्यावर मग मी धुतलेले हातमोजे वाळत घालायची.

त्यांचं सगळ्यात मोठं प्रेम म्हणजे दुर्बिणीचं ऑपरेशन. पोटाला तीन-चार भोकं पाडायची, एकातून कॅमेरा घालायचा आणि टीव्हीकडे बघत पित्ताशय काढायचं. भारनियमनाच्या गावात हे यंत्र आधी आलं. जनरेटर सुचला तो पडदा एकदा ऐन वेळी काळा झाल्यावर. कापूरहोळ फाट्यावर ढाब्याच्या मटण थाळीला खेटून बोर्ड लागला, 'टाके नाहीत, दुखणं नाही, तिसऱ्या दिवशी कामावर!' टाके असायचे, मीच काढायची. बाहेरच्या बाकांसमोर टीव्हीवर ऑपरेशनच्या कॅसेटी लावलेल्या असत. भाटघरचे एक आजोबा कुणाचं तरी पित्ताशय निवांत बघत बसले आणि मला म्हणाले, "बाई, ह्यात शेवटाला लगीन व्हतं का न्हाई?"

राउंडला तर कहरच. डॉक्टर खिशातून रुपया काढत, भोकावरच्या पट्टीवर ठेवत आणि म्हणत, "बघा, झाकलं!" नातेवाइकांनी पुरेशी वाहवा केली नाही, तर तोच रुपया दुसऱ्या भोकावर. मला हसू आवरायचं नाही, म्हणून मी खिडकीबाहेर बघायची.

ऐन भातलावणीत हिर्डोशीची मंगल आली. खडे निघाले, सगळं नीट झालं. डॉक्टरांनी रुपया ठेवला, तर ती रडायलाच लागली.

"डाक्टर, झाकू नका वो. वाढवा."

"म्हणजे?"

"आत्याबाई म्हनत्याल, एवढं तर काटा मोडल्यावर बी व्हतं. उद्याच चिखलात हुबी करत्याल. माज्या जावंचं प्वाट हितनं हितपातुर फाडलं, तिला सव्वा महिना कुनी हंडा उचलू दिला न्हाई."

"अहो, पण तुम्हाला त्रास कमी झाला ना?"

"तरास कमी, मंग इसावा बी कमी. तुमच्या बोर्डावरच लिवलंय. मामंजींनी घरात वाचून दावलंय."

आतून शिवलेलं पोट, वर भाताच्या रोपांचं ओझं. पुढे काय होईल ते मला दिसत होतं. मी म्हटलं, सासूला बोलवा, चार शब्द सुनावते. डॉक्टरांनी रुपया खिशात टाकला. "सिस्टर, रुंद पट्टा आणा. कापूस पण. आणखी आणा." छातीपासून ओटीपोटापर्यंत त्यांनी स्वतः तिला गुंडाळलं. मंगल मक्याच्या कणसासारखी दिसायला लागली.

सासूबाई आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं बया! लईच फाडलंय की! दुर्बिनीनं करनार व्हता न्हवं?"

कुणी चीर मोठी म्हटली तर आमच्या डॉक्टरांना दोन दिवस जेवण जायचं नाही. मान खाली घालून ते म्हणाले, "मोठं करावं लागलं. महिना-दीड महिना वाकायचं नाही, ओझं नाही. आणि पट्टी इथेच सोडायची, सिस्टरच्या हातून."

बातमी वरंधा घाटापर्यंत पोचली : भोरचा डॉक्टर दुर्बीण सांगतो आणि पोट फाडतो. पुरुष मंडळी पुण्याला जायला लागली. बायका मात्र येत राहिल्या आणि टेबलावर चढता चढता मला हळूच विचारायच्या, "मंगलला बांदली तसली पट्टी द्याल न्हवं?" डॉक्टर द्यायचे. बोर्डावरची 'तिसऱ्या दिवशी कामावर' ही ओळ त्यांनी पुसून घेतली. लोक काय बोलतात ते त्यांना ठाऊक होतं. खुलासा त्यांनी कधी केला नाही.

आता डॉक्टर नाहीत, दवाखानाही नाही. हायवेच्या रुग्णालयांचे बोर्ड रात्रीसुद्धा उजळलेले असतात. आमच्या माणसाची सगळ्यात सुबक कामं कापसाखालीच राहिली, बघायला मी एकटी. मंगलची पट्टी सोडली, तेव्हा डॉक्टर आसपास नाहीत हे बघून मी माझ्या पाकिटातला रुपया काढला आणि ठेवून पाहिला.

झाकलं.