बिनकाठाची डिश

नाशिकला कॉलेज रोडवरच्या क्रोकरीच्या दुकानात ते आजोबा मला एकदाच दिसले. मी आईबरोबर साध्या पांढऱ्या डिश बघत होते. शेजारी त्यांची सूनही तशाच, बिनकाठाच्या डिश निवडत होती. रोजच्या जेवणालाही चालतील आणि पाहुण्यांसमोरही शोभतील, असं दुकानदाराला सांगत होती.

आजोबा एका डिशच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "हिला काठच नाही, सूनबाई. शितं कुठे ठेवू?"

"टेबलावर नका हं बाबा, डाग पडतात. मनातल्या मनात वाहा की देवाला!"

जेवणाआधी देवासाठी भाताची चार शितं बाजूला काढतात, भोवती पाणी फिरवतात, हे आईने मला हळूच सांगितलं.

"मग पाचच घे," ते म्हणाले. "मी आपला खाली पाटावर बसेन. माझं स्टीलचं ताट आहे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

"सेट सहाचाच येतो, आजोबा," दुकानदार म्हणाला.

सुनेचा हात डिशवर तसाच थांबला. ते पाहून आजोबांनीच घाईघाईने तिची समजूत घातली. "असू दे गं. सहावी पाहुण्यांना होईल."