आबांच्या ओळखी आणि माझी कॉट

डी.एड.च्या दुसऱ्या यादीत माझं नाव लागलं तेव्हा आमच्या वस्तीवर कोणी पेढे वाटले नाहीत. नाव लागलं होतं शिरूरच्या कॉलेजात आणि आमची वस्ती दौंड तालुक्यात, भीमेच्या काठच्या उसात. मधे न्हावरा, मधे पावसाळ्याचा चिखल आणि मोजक्या एस.ट्या, त्यातली शेवटची मनात आलं तर येणारी. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसले होते. त्यांनी विचार करून निकाल दिला. "हास्टेल मिळालं तर जायाचं. न्हाई मिळालं तर दौंडला कालेज हाय, बी.ए. कर. शिरूरला तू रोज येऊन-जाऊन करायचं आन् मी वाट बघत बसायचं, हे मला जमायचं न्हाई."

त्या वर्षांत डी.एड. म्हणजे मास्तरकी पदरात पडल्यासारखीच होती. दोन वर्षं काढायची की झेडपीच्या शाळेवर ऑर्डर. दौंडचं बी.ए. म्हणजे स्थळ येईपर्यंत काढायचे दिवस; माझ्या चुलतबहिणीनं तसंच केलं होतं आणि दुसऱ्या वर्षाची पुस्तकं तिनं सासरी नेली ती रद्दीलाच. आईचं मत कोणी विचारलं नाही, तरी तिनं दिलं. "पोरीनं बारावीला डोळं फोडून घेतलं ते काय दौंडच्या गाडीत बसाया?" आबांनी ऐकून घेतलं. त्यांचा शब्द मात्र हलला नाही.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं पुढं आणखी एक निघालं. हॉस्टेलच्या मुलाखती ज्या दिवशी, त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत प्रवेश पक्का करायचा. नाही केला तर जागा खालच्या मुलीला. म्हणजे आधी कॉट, मग कॉलेज, आणि दोन्हीचा फैसला एकाच दिवसात. पेटी बरोबर न्यायची का, यावर सकाळी वाद झाला. आबा म्हणाले, नेली आणि परत आणली तर सगळा ष्टँड बघंल. पेटी घरीच राहिली.

एस.टी.त आबा खिडकीशी बसले आणि न्हावरा मागं पडल्यावर त्यांचं बोट बाहेर गेलं. "हितं बसायचो. त्या बाभळीखाली तुझा दादा झाला." आम्ही धनगर. कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला आणि मी तिसरीत असताना आबांनी मेंढरं विकून शेती धरली. त्याआधी दर दिवाळीनंतर आमचं सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून याच वाटेनं शिरूरवरून वर आळेफाट्याकडं आणि तिथून घाट उतरून कोकणात जायचं. वाटेत लोकांच्या रानात मेंढरं बसवायची. मेंढरं रात्रभर बसली की रान खतावतं, त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो. यात एक रीत होती आणि ती आबांच्या हाडात गेली होती. परक्या बांधावर उभं राहिलं की पहिल्यांदा ओळखी सांगायच्या. गेल्या साली कोणाच्या रानात बसलो, या गावात आपल्याला कोण जाणतं. ओळख न सांगणारा धनगर एक तर चोर, नाही तर रोगट मेंढरं घेऊन आलेला, असं शेतकरी धरून चालत. ज्याच्या जास्त ओळखी, त्याला चांगलं रान.

हॉस्टेल कॉलेजच्या मागंच होतं. बाहेर मुली आणि त्यांचे बाप यांची रांग लागलेली. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ओले केस पाठीवर सोडून रांगेच्या कडेनं चालली होती. ती माझ्याजवळ थांबली आणि हळूच म्हणाली, "गावात नातेवाईक आहेत का विचारतील. असले तरी नाही म्हण. नातेवाईक असले की कॉट मिळत नाही."

मी आबांच्या कानाशी लागले. "आबा, पाव्हणं हायेत का इचारतील. न्हाई म्हणा."

"न्हाईतच की," आबा म्हणाले. "आपलं सोयरं सगळं इंदापूर-बारामतीकडं. त्यात खोटं काय बोलायचं?"

माझा जीव भांड्यात पडला. रांग हळूहळू सरकत होती. पुढची एक मुलगी रडत बाहेर आली, तिचा बाप तिच्या मागून टोपी झटकत आला. त्यांचं काय बिनसलं ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

रेक्टरबाई ख्रिस्ती होत्या, नगरकडच्या, उंच आणि कमी बोलणाऱ्या. मेसचे तांदूळ आले होते, म्हणून मांडीवर सूप घेऊन त्या निवडता निवडताच मुलाखती घेत होत्या. शेजारी वही उघडी. माझे मार्क बघून त्यांनी मान हलवली, ती चांगल्या अर्थी असावी.

"शिरूरमध्ये कोणी नातेवाईक?"

"न्हाई बाई," आबा म्हणाले. "एक बी न्हाई."

बाईंनी खडा वेचून बाजूला टाकला. "बरं. आणि ओळखीचं कोणी? मुलगी आजारी पडली, रात्री-अपरात्री काही झालं, तर धावून येईल असं?"

हा प्रश्न मला कोणी सांगितलेला नव्हता. मी आबांकडं बघितलं. आबा ताठ झाले होते. मुंडासं सारखं केलं त्यांनी. समोर परका बांध होता आणि बांधावरच्या माणसानं विचारलं होतं, तुम्हाला इथं कोण जाणतं.

"वळखी का? मायंदाळ हायेत, बाई. नदीकाठचं मळेवालं, त्यांच्या रानात तर धा-बारा सालं बसलोय आमी. घरचंच म्हणा. आन् रामलिंगाच्या वाटंला एक म्हातारी हाय, ती मला लेक म्हणती. लोकर घेणारं यापारी हायेत पेठंत. आन् दवाखान्यातलं कंपौंडर, त्यांच्या बापाच्या वावरात..."

मी त्यांच्या धोतराला मागून हिसका दिला. त्यांना वाटलं माशी बसली. ते सांगतच राहिले आणि बाई सूप खाली ठेवून एकेक वहीत उतरवत राहिल्या. ते खूश होते, हे मला दिसत होतं. आपल्या पोरीच्या पाठीशी किती माणसं आहेत, हे त्या बाईला कळू दे, म्हणजे पोरीला कोणी बेवारशी समजणार नाही. रागानं माझे कान तापले होते आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

बाईंनी पेन ठेवलं. "मग तुमची सोय होईल की. इथं कॉट थोड्या आणि मुली जास्त आहेत. ज्यांचं इथं कोणीच नाही, त्यांना मी आधी घेते. तुमचं नाव वेटिंगला ठेवते."

बाहेर आल्यावर मी भडकले. "काय गरज व्हती सगळं गाव सांगायची?"

"तिनं आसरा हाय का म्हणून इचारलं. असून न्हाई कसं म्हणू?" आबांना खरंच कळत नव्हतं मी का चिडले ते. मग त्यांचा चेहरा उजळला. "आगं, हास्टेल कशाला पायजे? मळेवाल्यांकडं राहा. मोठं खटलं हाय, एक पोर जड न्हाई. चल, आत्ताच इचारू. पाचाच्या आत येऊ माघारी."

मला त्यात काही अर्थ वाटत नव्हता. पण दुसरा रस्ताही नव्हता, म्हणून मी गेले. आबा पुढं आणि मी मागं. त्यांना वाट ठाऊक होती ती चिंचेपासून. चिंच तोडलेली होती. मग ते मोटेची विहीर शोधू लागले, तर विहीर बुजवून तिथं प्लॉट पाडलेले, दगडाला चुना लावलेला. माणसांना विचारत विचारत आम्ही शेवटी एका नव्या बंगल्याशी पोचलो. आबा फाटकाशी उभे राहून सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "हाय का घरात?"

थोरले मळेवाले वारले होते. मुलगा बाहेर आला, चांगला माणूस. त्यानं आम्हाला व्हरांड्यात खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. आबांना ओळखायला त्याला जरा वेळ लागला. "हां हां, मेंढरंवाले. आमचे वडील काढायचे तुमची आठवण." आबांचा चेहरा खुलला आणि त्यांनी लगेच माझं सांगितलं. मुलगा कपाकडं बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात बोलला.

"आबा, राग मानू नका. तुमचं-आमचं बसणं रानातलं. घरात तरणी पोरगी ठेवायची म्हंजी जबाबदारी आली. आमच्या घरातल्या बायांना बी न्हाई आवडायचं."

"बरोबर हाय," आबा म्हणाले आणि चहा संपवला. आबा चहा कधी बशीशिवाय पीत नसत. तो त्यांनी कपानंच घटाघट प्यायला.

रामलिंगाच्या वाटेवरच्या म्हातारीनं मात्र आबांना लांबूनच ओळखलं. गळ्यात पडून रडली. माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. पोहे केले, त्यात शेंगदाणे जरा जास्तच घातले. आबांनी विषय काढायच्या आधीच तिनं सांगून टाकलं की तिच्या तीन मुलांनी तिचे महिने वाटून घेतलेत आणि चालू महिना धाकट्याचा. खोली एकच. स्वयंपाकघर आणि बाज तिथंच. "लेका, मीच हितं पाव्हणी हाय," ती म्हणाली. आबांनी विषय काढलाच नाही. निघताना त्यांनी वाकून तिच्या पायाला हात लावला.

व्यापाऱ्याकडं आणि कंपाउंडरकडं आम्ही गेलोच नाही. मी म्हणाले, "आता?" आबा चालत राहिले. ते स्टँडकडं वळले असते तर माझं कॉलेज तिथंच संपलं होतं. चौकात ते थांबले. मला वाटलं बी.ए.चं काही बोलतील. चारचा भोंगा का काय तो झाला होता आणि माझ्या डोक्यात फक्त पाच वाजत होते. मग ते कॉलेजच्या रस्त्याला लागले, इतक्या झपझप की मला पळावं लागलं.

रांग संपली होती. रेक्टरबाई वही मिटून उठायच्या बेतात होत्या. आबा दारातच उभे राहिले.

"बाई, सकाळी नावं सांगितली ती खोडा."

"का?"

"ह्या गावात माझं कुणी न्हाई."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "पाहुणे, सकाळी खरं बोललात की आत्ता?"

"सकाळी खरं वाटत व्हतं, बाई."

बाई पुन्हा बसल्या. त्यांना दया आली असती तर बरं झालं असतं. पण त्या शिस्तीच्या होत्या. दुसऱ्या एखाद्या मुलीचा हक्क डावलून कोणाला कॉट द्यायची नाही, म्हणून त्यांनी वही उघडून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "नदीकाठचे मळेवाले. घरचेच, असं म्हणालात."

"न्हाईत."

"पेठेतले व्यापारी?"

"न्हाई. आता लोकर बी न्हाई माझ्याकडं."

"दवाखान्यातले कंपाउंडर?"

"न्हाई."

एकेक ओळ खोडली जात होती आणि एकेका ओळीसरशी मी कॉटकडं सरकतेय असं मला वाटत होतं. हे आज लिहितानाही सांगते, कारण ते तसंच होतं. मला आनंद होत होता आणि आबांकडं बघवत नव्हतं, दोन्ही एकदम.

"रामलिंगाच्या वाटेवरच्या आजी. तुम्हाला लेक म्हणतात त्या."

बाई वाट बघत राहिल्या. आबांच्या मिशीला पोह्यातला कोथिंबिरीचा एक तुकडा अजून चिकटलेला होता. भिंतीवरचं घड्याळ मी बघितलं नाही, बघायची छातीच झाली नाही. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग वहीकडं बघून म्हणाले,

"ती बी न्हाई."

बाईंनी ती ओळही खोडली आणि माझं नाव वरच्या यादीत लिहिलं. पाचच्या आत प्रवेश पक्का झाला. दोन दिवसांनी आबांनी पेटी आणून कॉटखाली सरकवली, कॉट हलवून बघितली, पाय नीट आहेत याची खात्री केली आणि गेले.

त्यानंतर ते दर महिन्याला भेटायला यायचे, भाकरी-चटणी आणि शेंगा घेऊन. एकदा बाजारच्या दिवशी आम्ही दोघं पेठेतून चाललो होतो. समोरून एक म्हातारा हात वर करून ओरडला, "आरं पाव्हणं, मेंढरं कुठं हायेत औंदा?" आबांनी मुंडाशाचा शेव तोंडावर ओढला आणि मला कोपराला धरून बोळात नेलं.

"आबा, त्यो तुमाला हाका मारतोय."

"मारू दे." ते मागं बघत होते, म्हाताऱ्याकडं नाही, कॉलेजच्या रस्त्याकडं. "त्या बाईनं बघितलं तर? म्हणंल, हाय की वळखीचं. तुझी कॉट काढून घिईल."

मी त्यांना सांगितलं की आता कोणी कॉट काढून घेत नाही. त्यांना ते पटलं नाही. माझं डी.एड. संपेपर्यंत, ज्या गावात बांधाबांधावर थांबून रामराम घालायचे त्या गावातून माझे वडील मान खाली घालून चालले, आणि कोणी हाक मारली तरी त्यांनी ओ दिली नाही.