अण्णांच्या खिशातला कुंचला

अण्णा गेले तेव्हा मी देवावर रुसलो होतो. खरं तर स्वतःवरच, पण स्वतःवर रुसून माणूस जाणार कुठे?

पेणला रामवाडीत आमचा गणपतीचा कारखाना. माझे वडील, अण्णा, मूर्तींचे डोळे आखत. लहानपणी मी रंगाच्या वाट्या धरून त्यांच्याजवळ बसायचो. रंग देण्याआधी ते मूर्तीवर बोटाने टकटक करून कान लावायचे. म्हणायचे, "आतला तडा वरून दिसत नाय रे, तिलाच इचारायचं." घरची आणखी एक रीत होती. ज्याने डोळे आखायचे, त्याचा कुंचला आधी रोह्याच्या देवळात, ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पायाशी ठेवायचा. इतकी वर्षं तो मान अण्णांच्याच कुंचल्याचा होता.

पुढे त्यांचा हात थरथरू लागला. एका सकाळी डोळा वाकडा गेला आणि मी त्यांच्या हातातून कुंचला काढून घेतला. "बास झालं अण्णा, आता मी आखतो." अण्णांनी हात पुसले. "रोह्याला जाऊन येतो," म्हणून निघाले ते परतलेच नाहीत. पाचव्या दिवशी रोह्यालगतच्या अष्टमी गावच्या पुलाजवळ, नदीकाठच्या झुडपात सापडले. उन्हाने देह ओळखू येत नव्हता, कपड्यांवरून ओळखला. पुलावरून उडी मारली, असं लोक बोलू लागले. आई माझ्याकडे बघेना.

इस्पितळात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरबाई अनोळखी. शांतपणे म्हणाल्या, "देह फार खराब झालाय. उघडला की आतलं सगळं विस्कटेल. आधी देहाची पिशवी बंद ठेवूनच सीटी स्कॅन करते." मला अण्णांची मूर्तीवरची ती टकटक ऐकू आली. इतके दिवस न जोडलेले हात जोडले गेले. महाराज, असेल ते दाखवा, मी सोसेन, एवढंच मागितलं.

तासाभराने बाई आल्या. "हाड एकही मोडलेलं नाही. उडी नाही मारली त्यांनी. मेंदूत मोठा रक्तस्राव झालाय, चालता चालता कोसळले असणार." मग म्हणाल्या, "खिशात धातूची बारीक नळी दिसतेय. काय असेल?"

पिशवी उघडल्यावर खिशातून कुंचला निघाला, नळी त्याच्या केसांना धरणारी; सोबत देवळातल्या अंगाऱ्याची पुडी. कुंचल्याच्या दांडीला लाल दोरा गुंडाळलेला होता. बोट घसरू नये म्हणून तो मीच गुंडाळला होता. अण्णा माझा कुंचला देवाच्या पायाशी ठेवून घरी निघाले होते. मी तिथेच खाली बसून पोटभर रडलो.

त्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत. त्यांना कोणी धाडलं, हे मी कोणाला पटवायला जात नाही. मी हिसकावून घेतलेला मान अण्णा स्वतःहून मला द्यायला निघाले होते. आता लेक माझ्या शेजारी वाट्या धरून बसते. माझा हात थरथरेल, तेव्हा तिचा कुंचला घेऊन मी रोह्याला जाईन.